एक बांबू कमी

माणसावर विश्वास ठेवणं मला कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला पगार त्याचाच मिळत असे. चांद्याला बापूजी ठेकेदारांच्या बांबूच्या डेपोवर मी मुनशी होतो. जंगलातून ट्रक आला की चुन्यात बुडवलेली काडी घ्यायची, एकेका बांबूच्या बुडाला पांढरा टिपका द्यायचा आणि मोजायचं. वीस बांबूंची एक मोळी, तीस मोळ्यांचा एक ट्रक. बापूजी तर माझ्याही वरताण होते. ट्रक निघताना आणि परतल्यावर पेट्रोलच्या टाकीत तुराटी बुडवून ते स्वतः बघत, आणि मी मोजलेले बांबू मधूनच कधीतरी पुन्हा मोजत. मला त्याचा राग येत नसे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मोजले असते.

पंचावन्न सालची दिवाळी झाली, जंगलातल्या कुपा, म्हणजे आखून दिलेले पट्टे, तोडीसाठी उघडल्या, आणि नेमकं आमच्या ड्रायव्हरला, नथ्थूला, हिवतापाने धरलं. ताप मोठा शिस्तीचा. एक दिवस नथ्थू गोधडीत कुडकुडायचा, दुसऱ्या दिवशी खडखडीत बरा होऊन गाडीवर बसायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा गोधडीत. निम्मे दिवस ट्रक डेपोत उभा राहू लागला. बापूजींनी बाजारात शब्द टाकला की एक दिवसाआड गाडी चालवणारा कोणी असेल तर पाठवा.

तेव्हा लटारू आला. पस्तिशीचा, काटक, डोळ्यांच्या कडांना कोळशाची काळी रेघ असलेला माणूस. ती रेघ धुऊन जात नाही, हे मला पुढे कळलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा काजळ घालतो की काय. त्याने मेणकापडात गुंडाळलेलं लायसन पुढे ठेवलं. लढाईच्या दिवसांत त्याने ब्रह्मदेशाकडे लष्कराच्या गाड्या चालवल्या होत्या. परत आला तेव्हा चांद्यात गाड्या कमी आणि ड्रायव्हर जास्त, म्हणून कोळशाच्या खाणीत पाणी उपसायच्या पंपावर खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागला.

खाणीतली नोकरी सोडणार का, असं बापूजींनी विचारलं. तो नाही म्हणाला. खाणीत दर आठवड्याला पाळी बदलते. एक आठवडा सकाळी आठ ते चार, दुसरा चार ते मध्यरात्र, तिसरा मध्यरात्र ते सकाळी आठ. पहिल्या आठवड्यात तो फक्त रविवारी येऊ शकत होता. दुसऱ्यात पहाटे निघून तीनच्या आत परत. तिसऱ्यात पाळीवरून सुटल्यावर दोन तास झोपून, दहाला. आता एकीकडे नथ्थूचा एक दिवसाआडचा ताप आणि दुसरीकडे याची आठवड्याची पाळी, ही दोन्ही जुळवून गाडी कोणत्या दिवशी कोणाची हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पंचांग बघून मुहूर्त काढणाऱ्या भटजीलाही एवढी आकडेमोड करावी लागत नसेल.

बापूजींना तो आवडला नाही. मलाही नाही. ज्याच्या हाताला पक्की नोकरी आहे तो माणूस झोप मोडून दुसऱ्याची गाडी का ओढेल? मी त्याला तसं विचारलंच. तो आडपडदा न ठेवता बोलला. दोन वर्षांपूर्वी खाणीत छत बसलं होतं. तो आणि त्याचा जोडीदार इसरू पंपाजवळ अडकले. लटारूला सहा तासांनी बाहेर काढलं, इसरूला दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून खाणीत उतरायच्या डोलीत पाय टाकताना त्याची मांडी लटलट कापते. बापूजी होळीनंतर दुसरा ट्रक घेणार, हे त्याने ऐकलं होतं. तोवर जमेल तेव्हा चालवून दाखवीन, मालकाचा विश्वास बसला तर तो ट्रक मला द्यावा, मी खाण सोडतो, एवढंच त्याचं मागणं होतं.

"मले जमिनीच्या वरचं काम पायजे, नानाजी," तो म्हणाला. "दुसरं काई नाई."

मी हे बापूजींच्या कानावर घातलं. ते तुराटीवरचं पेट्रोल बघत होते. बघू, म्हणाले.

मूलच्या रस्त्याने पंचवीस मैलांवर आमची कूप होती. तिथे धानोऱ्याकडचे गोंड मजूर झोपड्या बांधून राहत, त्यांच्यातले चैतू आणि लच्छू ट्रक भरून देत. भरलेला ट्रक कच्च्या वाटेने एक चढ चढून जंगल नाक्यावर येई, तिथे पास बघितला जाई आणि मग सरळ चांदा. लटारू गाडी चांगली चालवायचा. पेट्रोल नथ्थूपेक्षा कमी जाळायचा, आणि याचाही बापूजींना संशय आला. मधल्या वाटेने जातो की काय, म्हणाले. मधली वाट होती कुठे?

पण त्याच्या पहिल्याच खेपेत एक बांबू कमी भरला. एका मोळीत एकोणीस. दोरी सैल. मी म्हटलं, भरणाऱ्यांची चूक. दुसऱ्या खेपेत पुन्हा पाचशे नव्याण्णव. मध्ये नथ्थूची खेप आली, ती बरोबर सहाशे. मग लटारूची, पुन्हा एक कमी. माझ्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. नथ्थूच्या दिवशी कधी चूक नाही, लटारूच्या दिवशी कधी बरोबर नाही, आणि कमी नेमका एकच. भुरटा चोर दोन-चार उचलतो. नेमाने एकच उचलणारा फार पोचलेला असला पाहिजे, असं मला वाटलं.

मी बापूजींना सांगितलं. त्यांनी मला बजावलं की त्याला विचारायचं नाही, विचारलं की चोर सावध होतो. मला हे इतकं पटलं की मी गप्प बसलो. आज लिहिताना माझाच मला राग येतो. एक माणूस रोज समोर उभा आहे, त्याला "लटारूभाऊ, एक बांबू कमी काऊन भरते?" एवढं विचारायला सहा शब्द पुरे होते. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं की संशयाची मजा जाते. मला तेव्हा ती मजा येत होती, हे कबूल केलेलं बरं.

त्याच्या अकरा खेपा झाल्या तेव्हा संक्रांत आली होती. मी तिळगुळाचं निमित्त काढून खाणीच्या चाळीत त्याच्या घरी गेलो. तो सकाळच्या पाळीवर होता. त्याची बायको गुणाबाई अंगणात धान पाखडत होती. तिने मला खाट टाकून दिली, चहा केला. आणि मी काय बघतो, तर परसाला नवंकोरं बांबूचं कुंपण.

गुणाबाई बोलत होती. मालकाचा माणूस घरी आला म्हणून तिला कोण आनंद झाला होता. म्हणाली, ते खाली असतात तोवर मी चूल पेटवत नाही, घास उतरत नाही. नवीन गाडी मिळाली की पहिल्या दिवशी मार्कंड्याला जाऊन दिवा लावणार. म्हणाली, "तुमी मालकाजवळ बसता, भाऊ. तुमी एक शबूद टाकला तं आमचं काम होते." मी हो-हो करत होतो, आणि बशी तोंडाला लावून कुंपणाचे बांबू मोजत होतो. चौदा भरले.

खेपा अकरा, बांबू चौदा. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता की आकडा जुळत नाही, म्हणजे हे बांबू आपले नाहीत. माझ्या डोक्यात आलं की वरचे तीन याने कुठून आणले? कुंपण कुठून घेतलं हेही मी गुणाबाईला विचारलं नाही. आठवडी बाजारातून घेतलं होतं. पण हे मला फार नंतर समजलं.

डेपोवर येऊन मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. बापूजी म्हणाले, खाणीच्या हापिसात पत्र टाकून विचार, हा माणूस कसा आहे. मी दौत ओढली आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं की आपल्याकडील पंप खलाशी लटारू हा आमच्या ट्रकवर अधूनमधून काम करतो, तरी त्याच्या सचोटीविषयी आपला अभिप्राय कळवावा. पत्र पोस्टात टाकताना माझ्या मनात एक क्षण आलं होतं की खाणीला त्याचं हे दुसरं काम माहीत आहे की नाही. पण पाकीट आत पडलं होतं.

अभिप्राय आलाच नाही. चार दिवसांनी लटारूच आला, आणि त्याने सांगितलं की कोणीतरी खाणीच्या हापिसात कळवलं आहे. दोन ठिकाणी काम करता येत नाही असा खाणीचा नियम होता. बाबूने शनिवारपर्यंत मुदत दिली होती, खाण तरी धर नाहीतर ट्रक तरी धर. कोणी कळवलं असेल याचा त्याने फार विचार केलेला दिसला नाही. चाळीतला एखादा असेल, म्हणाला. मी मान हलवली.

मग तो माझ्या गादीसमोर खाली बसला.

"नानाजी, मी खान आज सोडतो. फकत तुमी मले सांगा, होळीनंतरची गाडी मले भेटन का नाई. तुमी हो म्हना, मी मालकाले बी विचारत नाई."

एवढा मोठा प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता. एका शब्दावर त्याचं जमिनीवर येणं अवलंबून होतं, हे मला स्वच्छ कळत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर चौदा बांबूंचं कुंपण होतं. मी म्हणालो की मालक ते आहेत, मी कोण सांगणार.  तो उठला, गाडी सुरू करायचं हँडल फडक्याने पुसून त्याने माझ्या गादीजवळ आणून ठेवलं, आणि खाणीकडे गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात कूप बंद व्हायच्या बेताला आली म्हणून तिथली शिल्लक बघायला मी नथ्थूबरोबर गेलो. तोवर डेपोत बसून मोजणारा मी, ट्रक भरताना कधी बघितलाच नव्हता. चैतू आणि लच्छू मोळ्या चढवत होते. मी खाली उभा राहून मोजल्या, तीस. दोर आवळला. आणि मग चैतूने बाजूला ठेवलेला एक सुटा बांबू उचलून भरलेल्या मोळ्यांवर आडवा टाकला.

मी त्याचा हात धरला. हा कशाचा, म्हणून दरडावून विचारलं. चैतूने माझ्याकडे असं बघितलं, जणू हा मोठा माणूस एवढंही जाणत नाही.

"देवाचा," तो म्हणाला.

गाडी निघाली. चैतूला नाक्याजवळच्या दुकानातून मीठ घ्यायचं होतं म्हणून तो वर बसला. चढ संपतो तिथे वाटेच्या कडेला एक जुनं ऐनाचं झाड आहे. नथ्थूने गाडी हळू केली, थांबवली नाही, आणि वरून चैतूने तो सुटा बांबू खाली टाकला. झाडाखाली लाकडांचा हा मोठा ढीग होता. बांबू, फाटे, बल्ल्यांचे तुकडे, गवताच्या पेंढ्याही. जंगलातून जो जे घेऊन जाईल त्याने त्यातलं एक तिथे ठेवायचं, अशी त्या लोकांची रीत. नथ्थू पाच वर्षं ती पाळत होता. त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मजूर एक जास्तीचा चढवत, तो इथे पडे, आणि नाक्यावर आणि माझ्या डेपोत सहाशे बरोबर भरत.

मी नथ्थूला गाडी थांबवायला लावली आणि उतरलो. ढिगाच्या एका अंगाला काही बांबू फेकलेले नव्हते, ओळीने नीट मांडून ठेवलेले होते. मी मोजले. मोजायची गरज नव्हती, पण सवय. अकरा.

चैतू माझ्या मागे येऊन उभा होता. हे कोणी ठेवले, असं मी त्याला विचारलं.

"त्या दुसऱ्या डायवरनं," तो म्हणाला. "तो गाडी बंद करे. उतरे, ठेवे, पाया पडे."

मग त्याच्या गाडीवर तुम्ही जास्तीचा का टाकला नाही, हे मी विचारलं. चैतू आधी सांगेना. मग बोलला. हा ड्रायव्हर रोज येत नव्हता. पंधरा दिवस एक दिवसाआड यायचा, मग आठवडाभर दिसायचा नाही. कधी पहाटे, कधी दुपारी. असा काय ड्रायव्हर असतो का? जंगलखात्याने पाळत ठेवायला पाठवलेला माणूस असेल, असं कुपेवरच्या सगळ्यांना वाटलं. त्याच्या देखत पासापेक्षा एक बांबू जास्त चढवला तर तोच चोरी म्हणून धरून देईल. म्हणून त्याला मोजून सहाशे दिले, आणि प्रत्येक गाडीने इथे एक ठेवायचा असतो एवढं मात्र पहिल्या दिवशीच सांगितलं. त्याने ते ऐकलं. नथ्थूच्या गाडीवर जास्तीचा चढवतात हे त्याला कसं कळणार? तो आपला मोळीची दोरी सैल करून एक ओढून काढत होता, आणि सगळ्याच गाड्यांचं असंच असतं, मालकाला हे ठाऊकच असतं, असं समजून चालत होता.

"नाक्यावर जाताना आमी गाडीवरून पायत होतो," चैतू म्हणाला. "वाटलं, देवाले देते तं खात्याचा नसन. पन तोपर्यंत त्याचं येनंच बंद झालं."

मी तिथल्या एका दगडावर बसलो. खाणीचे लोक त्याला ठेकेदाराचा म्हणाले, मजूर त्याला सरकारचा म्हणाले, आणि मी त्याला चोर म्हणालो. आम्हा सगळ्यांत मेळ एकच होता, की कोणी त्याला विचारलं नाही. मला माझी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

संध्याकाळी मी बापूजींना सगळं सांगितलं, पत्रासकट आणि कुंपणासकट. मला वाटलं होतं ते माझ्यावरच संशय घेतील, वाटेकरी म्हणतील. त्यांनी हातातली तुराटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "त्याला घेऊन ये. नवी गाडी त्याची. आजच सांग म्हणावं खाणीला." मी इतक्या वर्षांत त्यांना इतक्या लवकर हो म्हणताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मी खाणीवर गेलो. त्याची चारची पाळी होती. लोक हजेरीचे पितळी बिल्ले घेऊन डोलीच्या तोंडाशी जमत होते. लटारू कडेला बसून दिव्याची वात नीट करत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि काही न लपवता सांगितलं. पत्र मीच लिहिलं, हेही सांगितलं. त्याने वातीवरून नजर वर केली नाही. मग मी म्हणालो की गाडी तुझी आहे, बापूजींनी शब्द दिला आहे, बिल्ला परत कर आणि चल.

त्याचा चेहरा एकदम उजळला. तो उठलाच. दिवा खाली ठेवला. मला वाटलं, सुटलो. दोन पावलं चालून तो थांबला.

"नानाजी, एक सांगा. पुढच्या महिन्यात अजून एक बांबू कमी भरला तं?"

मी म्हणालो की आता कारण माहीत आहे, आता कोण काय म्हणणार.

"ते एक कारन माहीत झालं. दुसरं काई झालं तं? पंचर झालं, उशीर झाला, पेटरोल जास्त लागलं. तुमी मले इचारान, का चिठ्ठी लिहान?"

मी तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं, विचारीन म्हणायचं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी त्याच क्षणी काय करत होतो? हा एवढं का विचारतोय, याच्या मनात आणखी काही आहे का, हे शोधत होतो. माझ्या डोळ्यांत ते त्याला दिसलं असणार. खाणीत काम करणाऱ्यांना अंधुक उजेडात बघायची सवय असते.

त्याने दिवा परत उचलला.

"खाली मले भेव वाटते," तो म्हणाला. "रोज वाटते. पन खालून मी तीन घंट्या वाजवल्या, का वरचा इंजनवाला डोली वर ओढते. मले पायत नाई, वळखत नाई. तीन काऊन वाजवल्या, खरंच मानूस हाय का, असं नाई इचारत. तीन म्हंजे मानूस, म्हनून ओढते. इसरूच्या दिवशी बी ढिगाऱ्यातून सुटल्यावर मी अंधारात तीनच वाजवल्या, अन् त्यानं ओढली. खान सोडून तुमच्या गाडीवर आलो अन् तुमी नाई ओढली, तं मी कुठी जाऊ?"

मी म्हणालो, गुणाबाईला काय सांगशील?  भोंगा झाला. तो बाकीच्यांबरोबर डोलीत चढला, आणि मला दिसलं, त्याची मांडी खरोखरच लटलट कापत होती. मोकळ्या हाताने त्याने ती दाबून धरली होती.

आत घंटा वाजली. इंजिनाच्या खोलीतल्या म्हाताऱ्याने बाहेर बघितलंही नाही, दांडा ओढला आणि डोली खाली गेली.